आप्पांचा तिसरा पंख

आमच्या आप्पांनी एका गोऱ्याला पार गार केलतं, ठाऊक हाय? हिप्पी गोव्याला जायचे त्या काळातलं.

लाटांवर उभं राहून घसरायची फळी घेऊन तो गोव्याच्या वाटेवरच्या आमच्या अनगोळ गावातल्या सुतारकामाच्या दुकानात आला. फळीच्या बुडाला दोन पंख, त्यातला एक मोडलेला. तसाच दुसरा करा, असं खुणेनं सांगून जेवायला गेला.

येऊन बघतो तर दोन्हींच्या मधोमध तिसरा पंख! गोरा डोक्याला हात लावून मटकन बसला. मी आप्पांकडं वळलो.

"आप्पा, ह्यो कशाला?"

"दोन पायांवर तिवई उभी ऱ्हाती व्हय रं?"

गोरा तणतणत गेला.

महिन्याभरानं परत दारात! मी घाबरून फळ्यांमागं लपलो. त्यानं मित्राची फळी आप्पांपुढं उलटी ठेवली आणि तीन बोटं वर केली.