कपाटातली डिस्क मी दिली नाही

मी डोणगावची, मेहकर तालुक्यातली. माहा बाप विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करे, माय शाळेत खिचडी शिजवे. बापानं लहानपणीच माह्या हातात स्क्रू फिरवायचा पेचकस दिला, तं शेजारचे म्हणत, पोरीले पेचकस काऊन देतो बे, लाटणं दे. बाप म्हणे, लाटणं तिच्या मायनं दिलंच हाये, हे माह्याकडून. असा होता माहा बाप. मंग मी बुलढाण्याले पॉलिटेक्निक केलं, कॉम्प्युटरचं, अन् लग्न होऊन नांदुऱ्यात आली, अन् इथंच एका मोठ्या खाजगी दवाखान्यात लागली, नाव नाही सांगत, काय करायचं नाव घेऊन.

काम काय म्हणता? काय सांगू तुम्हाले, लोकायले वाटते ही बाई एसीत बसून बटणं दाबते. अवो, मी शिडी लावून छतावर चढते, वायर ओढते, उंदरानं कुरतडलेली वायर शोधते. वायर कुठून कुठं गेली ते दोन्ही टोकाले चिकटपट्टीवर लिहून ठेवते, त्यालेही हसले लोक, म्हणे बाई वायरीचं बारसं करून राह्यली. हसा म्हटलं. पेशंटच्या नातेवाइकायचं वायफाय वेगळं केलं अन् दवाखान्याचं वेगळं, त्याच्यावरून भांडणं झाली. पण खरं भांडण झालं ते डिस्कवरून.

डिस्क म्हणजे, सगळ्या पेशंटचे रिपोर्ट, औषधं, सगळ्याची नक्कल मी रोज एका सुट्या डिस्कवर घेत होती. अन् घेतली की डिस्क काढून लोखंडी कपाटात, कुलूप. मॅनेजर म्हणजे डॉक्टरसायबाचे साळे, ते म्हणत, कायले काढता रोज, लावूनच ठेवा ना. मी म्हणे, साहेब, जोडून ठेवलेली नक्कल म्हणजे घराच्या किल्ल्या दारालेच अडकवणं. आवडत नव्हतं त्यायले.

तं एक दिवस सकाळी काउंटरवरच्या नाझिमानं हाक मारली, ताई, या ना लवकर, पडद्यावर लालभडक काय आलं पाहा. मी पाह्यलं. फायलीची नावंच बदलून राह्यली होती, एकीमागं एक, कोणीतरी बाहेरून घुसलं होतं अन् सगळ्याले कुलूप घालत चाललं होतं. मी पळतच गेली अन् जिथं सगळ्या वायरी एकत्र येतात तिथून उपटल्या, सगळ्याच्या सगळ्या. दवाखाना ठप्प. बाहेर पेशंटची रांग, खामगावकडचे, मोताळ्याकडचे, लेकरं रडून राह्यली.

डॉक्टरसायब आले. माणूस वाईट नाही हो, पण पेशंट अडला की त्यायचं डोकं फिरते. म्हणे, तुझी ती डिस्क हाये ना, लाव लगेच. मी म्हटलं, नाही लावत. म्हणे, काय? मी म्हटलं, नाही लावत सर, ज्यानं हे केलं तो अजून या मशिनीत बसेल हाये, डिस्क लावली की तिलेही खाईल, मंग आपल्यापाशी काहीच नाही उरत. पहिले मशिनी पुसू द्या. ते म्हणे, आतमध्ये करीमचाचा डायलिसिसले आले, त्यायचा मागचा रिपोर्ट पाहिजे मले, माणूस मोठा की तुझी डिस्क?

लागलं हो मले ते. पण मी म्हटलं, चाचाचं रक्त परत काढा, तपासा, डिस्क मिळणार नाही.

काढलं रक्त. चाचा माह्याकडं पाहून म्हणे, तुमच्या मशिनीच्या पापाची सुई माह्या हाताले काऊन वो?

तोवर मॅनेजर वॉर्डबॉयले घेऊन कपाटापाशी गेले, म्हणे तोड कुलूप. मी कपाटाले पाठ लावून उभी राह्यली. म्हटलं, माही नोकरी आत्ता घ्या, लिहून देते, पण कुलपाले हात लावाल तं मले बाजूले ढकलावं लागेल, अन् समोर सगळा दवाखाना पाहून राह्यला. वॉर्डबॉय खाली पाहत बसला. डॉक्टरसायबानं मॅनेजरले मागं सारलं. मंग म्हणे, कर काय करायचं ते, पण नाही झालं तं तोंड दाखवू नको.

मी एकेक मशीन कोरी केली, नवीन सगळं टाकलं. नाझिमा तोवर कागदावर पेशंट लिहीत होती. डिस्क पहिले एका जुन्या, कोणाले न जोडलेल्या कॉम्प्युटरवर उघडून पाह्यली. उघडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काउंटर चालू झालं. नक्कल घेतल्यानंतरचं, त्या सकाळचं तेवढं गेलं, ते गेलंच.

शाबासकी? नाही बावा. उलट मॅनेजर म्हणे, बाई लय जिद्दी हाये, कपाटाची किल्ली आमच्यापाशी पाहिजे. मी म्हटलं, किल्लीसोबत माही जागाही घ्या. घेतली नाही कोणी. आजही मी दिसली की ते तोंड फिरवतात, अन् मी मुद्दाम नमस्कार घालते, मोठ्यानं.

सासू म्हणते, थोडं वाकून राहत जाय वो. मी म्हणते, आई, शिडीवर वाकलं की माणूस पडते.

बरं, तुम्ही इतकं लिहून घेऊन राह्यले, सुखी राहा, लेकराबाळाचं चांगलं होवो. पण याची नक्कल केली का कुठं? नाही ना? मंग उठायच्या आधी करा. मी बसली हाये इथं.