दातिवऱ्यात माझं कुणी ऐकलं?

चहा येईपर्यंत माझी दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातली फजिती ऐका. नव्वद सालानंतरची गोष्ट. साठी ओलांडलेल्या कोळ्यांवर नव्या लशीची चाचणी होणार, असं कळलं आणि माझं डोकं फिरलं. गरीब म्हाताऱ्यांवर प्रयोग! पालघरहून तडक दातिवऱ्याच्या शाळेत गेलो. नावनोंदणीसाठी म्हातारेकोतारे जमले होते. त्यांच्यासमोर गरजलो, "कुणीही सही करायची नाही!"

पुढे बसलेल्या जनाबायनं विचारलं, "भाऊ, तुमी कागद वाचलाव?"

वाचला नव्हता.

"आमी गुरुजींकडून तीनदा वाचून घेतला. ताप येल, हात सुजंल, मधीच सोडता येल, सगलं लिवलंय. मंग आमी डाक्तरीनबायला सांगितलं, सुई पावसात दे. नारळी पुनवेपर्यंत होड्या किनाऱ्यावर वडलेल्या असतात, पोरं घरात असतात. ताप आला तर बघायला कोन पायजे का नाय? तिनं कबूल केलं."

मी चिडून म्हणालो, "मग मीपण घेतो! एकसष्ट वर्षांचा आहे."

टेबलामागे बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, दोनदा मोजलं आणि मान हलवली. "एवढ्या ब्लडप्रेशरवर तुम्हाला घेता येणार नाही."

आता मात्र मी खवळलो. "का नाही? माझा हक्क आहे!"

जनाबायनं मला हाताला धरून बाकावर बसवलं. "वरडू नका, भाऊ. सही करायची नाय, असं तुमीच सांगत होताव ना? एकानं तरी ऐकलं तुमचं!"