आयचा अंगठा

…न्हाय न्हाय, बसा हो रतनताई, चहा ठेवलाय. काम तसं काहीच न्हाय, खरंच सांगतो. आय माझी हिंडती-फिरती हाय — आता पण बघा ना, शेजारच्या सदाच्या रिक्षात बसून रेशनवर गेलीय. तुम्ही फक्त साखरेची गोळी वेळेवर द्यायची, अन् रात्रीची सोबत. चक्कर येते ना तिला, मागं मोरीत पडली, म्हणून. आम्ही असतो तर तुम्हाला पेणवरनं कशाला बोलावलं असतं? पण मला ओमानच्या बंदरातनं बोलावणं आलंय. क्रेन चालवतो मी, इथं न्हावा शेव्याला — तिकडं पण तेच काम, पण पगार दांडगा, राहायला घर, पोरीला शाळा. बायको अन् पोरगी, दोघींचा व्हिसा कंपनी काढते. आज संध्याकाळपर्यंत हो का न्हाय ते कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात की मी हो म्हणतो. म्हणजे आमचं परदेश तुमच्याच हातात — घ्या, चहा घ्या, गार होतोय.

आय? आयला नेता येत न्हाय हो. व्हिसात बसत न्हाय. नियम हायत तिकडचे, आपण काय करणार?

हां, एक सांगायचं राहिलं. दुपारी जेवण झालं की तिच्या बोटांना खोबरेल चोळायचं. डॉक्टरनं? न्हाय, डॉक्टरनं न्हाय सांगितलं. काय झालं — आयनं सगळा जन्म मिठागरात काढला. मीठ ओढून ओढून बोटं गुळगुळीत झालीत, रेशनच्या मशिनीवर अंगठाच उमटत न्हाय. पदराला पुसते, दाबते, परत पुसते — मागनं लायनीतले ओरडतात. तर ओमानचं कळल्यावर तिनं मला विचारलं, "मना पन नेशील ना रं जीवन?" काय सांगणार? पटकन तोंडातनं गेलं — आय, तुझे ठसे कुठं उमटतात, अन् ठशाबिगर तिकडं घेत न्हाय. लगेच पटलं हो तिला! रडली न्हाय, भांडली न्हाय. दुसऱ्या दिवशी बघतो तर ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसलीय. तवापासून रोज. भांडी पण प्राप्तीचे — माझ्या बायकोचे — रबरी हातमोजे घालून घासते, गुलाबी रंगाचे. हसा, हसा. मी पण हसलो होतो आधी.

तर ती तुम्हाला विचारेल, बघ गं, रेघा दिसतात का? तुम्ही म्हणायचं, येतायत, अजून थोडं चोळा. बस्स, एवढंच. खोटं कसलं? म्हातारीला तेवढीच आशा — बरं, खोटं. खोटंच हाय. कंपनीचा माणूस म्हणाला होता, आईचं पण बघू, अर्ज तर करा. प्राप्तीला नावं ठेवू नका हां, ती तर मागं लागली होती, आईंचा अर्ज टाका म्हणून. मीच न्हाय टाकला. का? — चाळिशी आली हो माझी, अजून दारात पाऊल टाकलं की आयचं सुरू, कुठं गेलतास, जेवलास काय, एवढा उशीर का. वाटलं, एकदा तरी कुणाला उत्तर द्यायला नको असं घर मिळावं. एवढंच वाटलं. बाप गेला तेव्हा मी शाळेत होतो, याच हातांनी मीठ ओढून शिकवलं तिनं मला, अन् मी त्याच हातांचं निमित्त केलं. लाज वाटते मला, रतनताई. ती जेवण वाढते ना, ताटाला खोबरेलाचा वास येतो, ताट तसंच ठेवून उठतो मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय. म्हणून म्हणतो, तुम्ही हो म्हणा, म्हणजे मला सुटल्यासारखं —

अहो, चप्पल कशाला घालताय? पैसे वाढवून देतो ना! बरं, ते रेघांचं नका बोलू, तेल पण ती चोळेल आपलं आपण, तुम्ही नुसतं सोबतीला — थांबा. रिक्षा आली. आयच हाय. बोलू नका काही.

काय गं आय? हळू, पायरी बघ, पिशवी दे इकडं. ओरडतेस काय एवढी? काय घेतला? अंगठा? मशिनीनं? — पहिल्याच दाबाला? सगळ्यांनी बघितलं? हो गं, दिसतायत. दिसतायत रेघा, हात खाली घे. काय? कुठली बॅग भरायची म्हणतेस?

रतनताई, तुम्ही जा आता. सदा सोडेल स्टँडवर. अहो, जा म्हणतो ना.