न वाजणारी टाकी

कडक उन्हाळ्यातील एका दुपारी, वायूच्या टाक्या भरून देणाऱ्या दुकानापुढील रांगेत, एक निवृत्त प्राध्यापक व त्यांची लेक यांच्यात झालेला हा संवाद मागे उभ्या असलेल्या चौकीदाराच्या कानी पडला.

“बाबा, हलवून पाहिली. आत काही डुचमळत नाही. रिकामी आहे, परत करून टाकू. सोडा करणारी आईच राहिली नाही.”

“भरलेली आहे. तिनेच भरून आणली होती. त्यानंतर उघडलीच नाही.”

“मग आवाज का नाही?”

“उन्हाने तापली आहे. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान एकतीस अंश. त्यापलीकडे कितीही दाबा, द्रव होत नाही. द्रवच नाही, तर डुचमळेल काय?”

“तुमचंही तसंच झालंय. वर्ष झालं, घरात चकार शब्द नाही. शेजारचे काका बघा, काकू गेल्यावर महिन्यात सावरले!”

“प्रत्येक वायूचं ते तापमान निराळं असतं, बाळ. ज्याला त्याला त्याच्याच मापाने मोजलं, की सगळे सारखेच वागतात.”

“झाला तुमचा तास सुरू! अहो दुकानदार दादा, या टाकीचं वजनच करा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

चौकीदाराने टाकी काट्यावर चढवायला हात दिला. दुकानदाराने काटा पाहिला.

“भरलेली आहे, ताई. घरी न्या.”