हसायची उशी

हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकतेच घरी गेलेले एक गृहस्थ तपासणी उरकून बायकोबरोबर हॉस्पिटलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसले. गृहस्थांच्या मांडीवर एक छोटी उशी होती.

"ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले? हसायला बंदी नव्हतीच. उशी छातीशी धरायची आणि हसायचं."

"मला वाटलं, टाके उसवतील."

"म्हणून घरात सगळ्यांची तोंडं शिवलीस? ऑपरेशनपासून कुणी हसलेलं नाही. मला वाटलं, मी गेलोय आणि तुम्ही मला सांगत नाही आहात."

"काहीतरीच बोलता."

"बरं, आता एक सांग. माझा भाऊ एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून का येतो?"

"ते नको. पुढच्या महिन्यात सांगते."

"ही बघ, उशी धरली."

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावजी रक्त द्यायला आले होते ना?"

"हो. माझ्यासाठी जीव देईन म्हणत होता."

"सुई बघूनच त्यांना घेरी आली. उचलून तुमच्या खाटेवर निजवलं."

"आणि मी कुठे होतो?"

"छातीचा फोटो काढायला गेला होतात. तेवढ्यात हॉस्पिटलचा न्हावी आला. त्याने खाटेवर जो दिसला त्याची छाती भादरायला घेतली."

"अगं आई गं."

"दोन्ही हातांनी धरा. भावजी शुद्धीवर आले, तोवर तो पायांपर्यंत पोचला होता."

"वहिनी, जरा थांबा," मी मागून म्हणालो. "माझी उशी घरी राहिलीये."