फादरच्या खिडकीखालची फुलझाडं

आरोग्य केंद्राच्या रांगेत फादर अनास्तासियु घोंगडीत तोंड लपेटून तापाने कुडकुडत होते. पुढच्या बाकावरच्या दोघींनी त्यांना ओळखलं नव्हतं.

"झुल्मीरा, तुझी ब्रोमेलियाची फुलझाडं डासवाल्यांनी उपटली म्हणे?"

"उपटू देते होय! म्हणे, पानांच्या पेल्यात पाणी साचतं, त्यात डास वाढतात. मी सगळी झाडं माझ्या नवऱ्याच्या, क्लोदोआल्दोच्या थडग्यावर नेऊन लावली. जिवंतपणी एका झाडाला पाणी घातलं नाही त्याने. आता बस म्हटलं सांभाळत."

"अगं, ते थडगं फादरच्या खिडकीखाली!"

"म्हणूनच तिथं तपासायला कोणी येत नाही."

"पाप लागेल."

"शनिवारी चर्चमध्ये पापाची कबुली देईन."

"कुणाला? फादर तापाने पडलेत."

"पडलो नाही, मागे बसलोय," घोंगडीतून आवाज आला. "डासवाल्यांना आजच सांगतो."

झुल्मीराने तिथंच गुडघे टेकले.

"आधी माझी कबुली ऐका, फादर. कबुलीतलं बाहेर सांगता येत नाही ना तुम्हाला?"