लिफ्टवाल्याचं पुस्तक

पुतणी : नाही काका, नाहीच आहे. तिसऱ्यांदा बघतेय.

काका : खालून वर बघ. बिघाड सापडला नाही की मी उलट्या टोकापासून सुरुवात करायचो.

पुतणी : यादीत तेरा नावं आहेत. उलटी वाचली तरी तेराच. आपला देश त्यात नाही.

काकू : कसली यादी गं? तासभर माझं जेवणाचं टेबल अडवून बसला आहात दोघं. भाजी कुठे चिरू मी, डोक्यावर?

पुतणी : अगं काकू, काकांचं पुस्तक इंटरनेटवर काढतोय ना, त्या कंपनीच्या दुकानांची यादी. प्रत्येक देशाचं वेगळं दुकान असतं. तिथल्या माणसाला तिथल्या दुकानात पुस्तक दिसतं, तिथल्या पैशात किंमत दिसते. आपल्या देशाचं दुकानच उघडलेलं नाही त्यांनी.

काका : पण मगाशी बँकेच्या यादीत आपलं नाव होतं. मी स्वतः पाहिलं.

पुतणी : ती लेखकांची यादी. लेखक कुठलाही चालतो. पुस्तक इथून चढवायचं, विकायचं मात्र दुसऱ्यांच्या दुकानात.

काकू : म्हणजे स्वयंपाक आपण करायचा आणि पंगत परगावी.

पुतणी : तसंच काहीसं.

काका : आणि इथल्या माणसाला वाचायचं असेल तर? खालच्या मजल्यावरचे मास्तर रोज विचारतात, कधी येतंय म्हणून.

पुतणी : त्यांनी उघडलं तर येईल, 'हे पुस्तक तुमच्या भागात उपलब्ध नाही.' तुम्ही उघडलंत तरी तेच येईल.

काका : माझंच पुस्तक, मलाच उपलब्ध नाही?

पुतणी : फाइल आहे की आपल्याकडे. टाइप मीच केलंय सगळं. दिवसभर दवाखान्यात पेशंटची नावं टाइप करायची आणि संध्याकाळी तुमच्या दुरुस्तीच्या वह्यांची मागची पानं. चष्म्याचा नंबर वाढला माझा.

काकू : एका परीने बरंच झालं.

पुतणी : नंबर वाढला ते?

काकू : इथे दिसणार नाही ते. मी पहिल्यापासून सांगतेय, ऐकतंय कोण! एकतीस वर्षं हे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढत होते. बंद दाराआड माणूस घाबरतो, वाट्टेल ते बोलून जातो. कोणी रडलं, कोणी नवऱ्याला शिव्या घातल्या, एकाने तर चोरी कबूल केली. ते काय छापायला सांगितलं होतं त्यांनी?

काका : अगं, बोलतं ठेवावं लागतं. गप्प बसलेल्या माणसाला आत जास्त कोंडल्यासारखं होतं. मी विचारायचो, ते सांगायचे.

काकू : दाराला सांगत होते ते! दाराने काही पुस्तक लिहिलं नाही.

काका : नाव एकाचंही घातलेलं नाही मी. मजले बदलले, वर्षं बदलली. एका शिक्षिकेबरोबर कुत्रा होता, त्याचं मांजर केलं.

पुतणी : हो, आणि ते मांजर पान बावन्नवर अजून भुंकतंय. मी तुम्हाला दोनदा सांगितलंय.

काका : भुंकू दे. घाबरलंय ते.

काकू : हसण्यावारी नेऊ नका. उद्या रस्त्यात कोणी गाठलं आणि म्हणालं, काय हो, माझ्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्यात, तर काय तोंड दाखवाल?

काका : हे मात्र मलाही टोचतं.

पुतणी : मग आता काय? बंद करू लॅपटॉप? प्रकाशकाने सात महिने ठेवून परत पाठवलं, 'विषयाला वाचक मर्यादित' म्हणून. आता तुम्हीच पाय मागे घेताय.

काका : थांब. ती तेरा दुकानं सगळी परदेशातली?

पुतणी : सगळी.

काका : मग हिचा प्रश्न सुटला की. ज्यांच्या गोष्टी, ती माणसं इथली. पुस्तक दिसणार तिथे. ओळखणार कोण? चढव तू.

काकू : हे चालेल. तिकडच्या लोकांनी खुशाल वाचावं.

पुतणी : काकू, तू अशी पहिलीच बाई असशील जिला पुस्तक इथे खपणार नाही म्हणून आनंद झालाय. बरं, काका, मुख्य दुकान एक निवडावं लागतं. कुठलं देऊ?

काका : जिथे इमारती जास्त उंच असतील तिथलं.

पुतणी : आणि विषय? लिफ्टसाठी खण नाही. 'आठवणी' आहे, 'यंत्रं' आहे, 'प्रवास' आहे.

काका : प्रवास दे.

पुतणी : प्रवास?

काका : वर-खाली. प्रवासच तो.

(तीन आठवड्यांनंतरची दुपार. तेच टेबल.)

काकू : अगं, दवाखाना सोडून आत्ता कशी आलीस? बरं आहे ना सगळं?

पुतणी : अर्धा दिवस मागून घेतला. काका कुठायत?

काका : इथेच आहे. खिडकीचा बोल्ट घट्ट करतोय. काय झालं?

पुतणी : एक प्रत खपली.

काका : खपली? खरंच? कुठे?

पुतणी : लांब. यादीतल्या नवव्या दुकानात. परवा. मी तुम्हाला काल सांगणार होते, पेढ्यांचा पुडा घेऊन वगैरे. पण आज सकाळी त्याच बाईचं पत्र आलं. पुस्तकाच्या शेवटी आपण ईमेल दिला होता ना, त्यावर.

काका : मग वाच की. अशी का चेहरा पाडून उभी?

पुतणी : काका, ती बाई इथलीच आहे. म्हणजे होती. सहाव्या प्रकरणातली आहे ती.

काकू : अगं बाई! बघा! सांगत होते की नाही? तेरा देश पालथे घातले तरी नेमकं जिला दिसायला नको तिलाच दिसलं! आता निस्तरा. मास्तरांच्या ओळखीचा कोणी वकील आहे का विचारू?

काका : सहावं म्हणजे बॅगवाली?

पुतणी : बॅगवाली.

काका : बस. वाच. हळू वाच.

काकू : मला आधी सांगा, बॅगवाली कोण? मी ते वाचलेलंच नाही. मी फक्त नावं शोधत होते.

काका : सव्वीस वर्षं झाली. आठ मजली इमारत, मी तिथेच ड्युटीला. पहाटे सव्वापाचला लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकली. आत वीस-बावीसची मुलगी आणि ही एवढी बॅग. सातव्या मजल्यावर घर तिचं. वडील झोपलेले. त्यांना न सांगता निघाली होती, नोकरीसाठी. दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. सहाची बस होती. दाराशी वाकून मी विचारलं, वर घेऊ की खाली?

काकू : त्यात विचारायचं काय? जे जवळ ते.

काका : तसं नसतं. आत एकटं माणूस असलं की दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन भारी पडतं. गच्चीवरच्या मशीनखोलीत ब्रेक सैल केला की लिफ्ट आपणहून वर सरकते. दोन मिनिटांचं काम. खाली आणायची म्हणजे तिथेच उभं राहून हाताने चाक फिरवायचं, वजनाच्या विरुद्ध. ती म्हणाली, खाली. अगदी तळाला. मधल्या मजल्यांवर ओळखीची माणसं आहेत, कोणी बघायला नको. फिरवलं. चाळीस मिनिटं. मी उतरून येईपर्यंत ती गेलेली होती.

काकू : आणि तुम्ही नेलीत तिला खाली? बापाचा विचार नाही केलात?

काका : केला. दर फेऱ्याला केला. पण लिफ्टमध्ये ती होती, मी नव्हतो.

पुतणी : वाचू?

काका : वाच.

पुतणी : 'आदरणीय लिफ्टवाले काका, तुमचं नाव मला त्या दिवशी माहीत नव्हतं, पुस्तकावर पाहिलं. इथे आपल्या भाषेतलं काही शोधायला गेलं तर तीनच पुस्तकं निघाली. दोन प्रार्थनेची आणि एक तुमचं. प्रार्थना मला पाठ आहेत, म्हणून तुमचं घेतलं.'

काकू : धीट आहे बाई.

पुतणी : 'सहाव्या प्रकरणात तुम्ही इमारत दहा मजली केलीत आणि माझी हिरवी बॅग लाल केलीत. पण दाराशी वाकून म्हणालात ते तसंच ठेवलंत. "वर घेऊ की खाली, तुम्ही सांगा. लिफ्ट तुमची आहे." ते वाचलं आणि मी गॅस बंद करून तेच वाक्य पुन्हा वाचलं. तोवर माझं काहीही माझं आहे असं मला कोणी म्हटलं नव्हतं.'

काका : पुढे.

पुतणी : 'मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. पहिल्या पानावर आला होता. माझी गोष्ट विचारल्याशिवाय कशी लिहिली, असं वाटलं. मग शेवटापर्यंत वाचलं. तुम्ही मला वाईट म्हटलं नाहीत, वडिलांनाही म्हटलं नाहीत. त्यामुळे गोष्ट राहू द्या. फक्त शेवट चुकला आहे.'

काकू : चुकला? म्हणजे?

पुतणी : ऐक ना. 'तुम्ही लिहिलंत, ती बॅग घेऊन गेली आणि पुढचं मला ठाऊक नाही. खरं असं, की तुम्ही चाक फिरवायला लागलात आणि वरून तुमचा आवाज यायला लागला. "घाबरू नका, अजून थोडंच." दर वेळी आवाज जास्त दमलेला. तिसऱ्या मजल्यापाशी माझा विचार बदलला. वर जावं, वडिलांना उठवावं, सांगून निघावं असं वाटलं. पण एक माणूस आपल्यासाठी एवढा घाम गाळतोय, आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू की उलटं फिरवा? म्हणून गप्प बसले.'

काका : अरे देवा.

काकू : हसताय काय? डोळे पुसा आधी.

काका : दोन मिनिटांत वर नेली असती गं तिला! नुसती हाक मारायची!

पुतणी : 'तळाला पोचले तेव्हा सहा वाजून तीन मिनिटं झाली होती. बस गेली होती. पुढची नऊला. तीन तास हातात होते आणि तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, म्हणून तुम्ही खाली यायच्या आत जिन्याने पळाले. वर. बॅग घेऊन सात मजले. पुन्हा लिफ्टमध्ये बसायची हिंमत नव्हती.'

काकू : सात मजले! त्या बॅगेसकट!

काका : मी लिफ्टने उतरलोच नाही, बंद होती ना. मीही जिन्यानेच उतरत होतो. भेटलो कसे नाही?

पुतणी : तेही आहे. 'दुसऱ्या मजल्यावर तुमच्या किल्ल्यांचा आवाज आला तेव्हा मी वळणावरच्या मीटरच्या खोलीत शिरले. तुम्ही शेजारून गेलात. धापा टाकत होतात आणि मशीनला शिव्या देत होतात. त्या शिव्या तुम्ही पुस्तकात घातल्या नाहीत.'

काकू : ही नक्की तीच. शिव्या ओळखल्या तिने.

पुतणी : 'मग वर जाऊन मी दार वाजवलं. नऊच्या बसला वडिलांनीच पोचवलं. बॅग त्यांनी उचलली. आता ते माझ्याजवळच असतात, त्र्याऐंशीचे आहेत. काल त्यांना प्रकरण वाचून दाखवलं. बस चुकल्याचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, तेही काल सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या माणसाला चाळीस मिनिटं लागली, ती तीसच लागली असती तर? मी म्हटलं, तर मला सहाची मिळाली असती. मग त्यांनी ते पान मला पुन्हा वाचायला लावलं. शेवटी म्हणाले, त्याला माझा नमस्कार कळव.' एवढंच आहे. खाली सही.

काकू : पाणी देऊ का तुम्हाला?

काका : नको. बरा आहे. त्या चाकाचं बेअरिंग खराब होतं. महिनाभर मागत होतो, नवीन देत नव्हते. किती बोललो होतो मी त्या कचेरीला.

पुतणी : काका, पुस्तकाची फाइल कधीही बदलता येते. शेवट बदलायचा का?

काका : बदल नको. मला तेव्हा ठाऊक नव्हतं हे खरंच आहे. खाली तारीख घालून तिचं पत्र जोड. आधी तिला विचार मात्र. या वेळी विचारून.

काकू : हे शहाण्यासारखं बोललात.

पुतणी : मग उत्तर काय लिहू? सांगा, टाइप करते.

काका : लिही, पत्र पोचलं. पुस्तक घेतल्याबद्दल आभारी आहे. वडिलांना माझाही नमस्कार. आणि... त्या दिवशी तुम्ही हाक मारली असतीत तर मी उलटं फिरवलं असतं. अजिबात राग आला नसता. आला असता थोडा. तेही लिही.

पुतणी : लिहिलं. अजून काही?

काका : झालं. पाठव.

काकू : थांब गं, पाठवू नकोस. एक विचार तिला. तिने दार वाजवल्यावर वडील पहिल्यांदा काय म्हणाले?

पुतणी : काकू! तूच ना म्हणत होतीस, लोकांच्या घरचं आपल्याला कशाला?

काकू : म्हणत होते. तू विचार.

काका : मी नाही हो विचारणार असलं. माझ्या नावाने नको.

काकू : मग माझं नाव घाल.